नवजात अवस्थेतील अर्जदार

तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर, टिनाच्या शेडखाली, डावीकडून दुसऱ्या टेबलावर मी गेली सव्वीस वर्षे बसतो. अर्ज, तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि स्मरणपत्र या चारही प्रकारांत माझ्या तोडीचा मसुदा करणारा माणूस आज या तालुक्यात नाही, असे मी नम्रपणे नमूद करतो. हल्ली अर्ज संगणकावर भरले जातात हे खरे आहे. परंतु संगणकाला फक्त रकाने ठाऊक असतात. समोरच्या माणसाला नेमके काय हवे आहे, हे अगोदर कोणीतरी समजून घ्यावे लागते, आणि ते काम माझे आहे.

एक गोष्ट मात्र मी आजवर कोणत्याही कागदावरून पुढे पाठवलेली नाही. एका मुलीचे शिक्षणाचे एक वर्ष माझ्या हातून गेले. ते कसे गेले, हे क्रमाने सांगणे मला आवश्यक वाटते.

त्याची सुरुवात रसायनशास्त्रापासून होते.

मी स्वतः बारावी विज्ञानापर्यंत शिकलो आहे. रसायनशास्त्राने मला दोनदा अडवले आणि तिसऱ्यांदा मी परीक्षेला गेलो नाही. तथापि त्या विषयाबद्दलचा आदर माझ्या मनात कायम राहिला. म्हणूनच नेर भागातल्या एका शाळेत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून आमच्या गावी स्थायिक झालेले एक सर दरवर्षी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना बाकावर बसू देत नाही. माझी खुर्ची देतो. त्यांचा हात थरथरतो, म्हणून फॉर्म मी भरतो आणि सही तेवढी ते करतात.

काही वर्षांपूर्वी असेच बसले असताना त्यांनी मला विचारले, “विज्ञान शाखेत होता म्हणता. आता काही आठवते की सगळे धुऊन गेले?”

“सगळे नाही, सर. नवजात हायड्रोजन आठवतो.”

“अरे वा. काय आठवते?”

“तो साध्या हायड्रोजनपेक्षा अधिक क्रियाशील असतो.”

“का?”

‘का’ हे गाईडमध्ये नव्हते. किंवा असले तरी त्या पानापर्यंत मी पोचलो नव्हतो. सरांनी माझ्या टेबलावरची पेनांची दोन टोपणे उचलली. एक टोपण दुसऱ्यापासून दूर धरून ते म्हणाले, “हा अणू आम्लातून नुकताच सुटला आहे. जुना संबंध तुटला, नवा अजून जुळलेला नाही. अगदी एकटा. या क्षणी जे समोर येईल त्याला तो धरतो. क्षणभराने त्याला त्याच्यासारखाच दुसरा भेटतो.” त्यांनी टोपणे एकमेकांना लावली. “झाली जोडी. आता तो शांत. त्या मधल्या अवस्थेला नवजात म्हणायचे.”

मी विचारले, “म्हणजे ती अवस्था धोक्याची?”

“जोरकस म्हणू या,” सर म्हणाले आणि फॉर्मवर सही करू लागले.

त्या दिवशी सर गेल्यावर मी पुष्कळ वेळ ती टोपणे पाहत बसलो. माझ्या टेबलापाशी येणाऱ्यांपैकी निम्मे लोक याच अवस्थेत येतात, हे माझ्या ध्यानात आले. कोणी बापाच्या दहाव्याहून सरळ आलेला असतो, कोणी भावापासून कालच वेगळा निघालेला असतो, कोणी नोकरी त्याच सकाळी सोडलेली असते. जुना संबंध तुटलेला आणि नवा न जुळलेला असा हा माणूस समोर येईल तो कागद धरतो आणि त्यावर सही करतो. पुढे माझी मुलगी पदवीला मानसशास्त्र घेऊन बसली, तेव्हा तिच्या पुस्तकातही मला हाच विचार सापडला. मनुष्य जुन्या बंधनातून बाहेर पडतो तेव्हा काही काळ त्याला सर्व जग नवे आणि स्वच्छ दिसते, आणि त्या काळात तो कशाशीही स्वतःला बांधून घेऊ शकतो, अशा अर्थाचे ते पान होते. पान उलटून मी पुढे वाचले नाही. माझ्या मताला पुस्तकाचा आधार मिळाला होता, आणि माझ्या धंद्यात आधार मिळाल्यावर पुढे वाचण्याची पद्धत नाही.

मी नियम केला. जो माणूस नवजात अवस्थेत येईल, त्याचा कागद त्या दिवशी लिहायचा नाही. पंधरा दिवसांनी या, असे सांगायचे. पंधरा दिवसांनीही तो आला, तर लिहायचे.

या नियमाने लोकांचे भले केले, हे मी लपवणार नाही. बापाच्या दहाव्या दिवशी भावाच्याच सांगण्यावरून घरावरचा हक्क त्याच्या नावे सोडायला आलेला एक शेतकरी मी परत पाठवला होता. तो महिनाभराने फक्त एवढे सांगायला आला की, “ते लिहू नका भाऊ, बरं झालं तुमी त्या दिवशी आयकलं नाही.” असे पाचसहा जण झाल्यावर माझा आत्मविश्वास वाढला. इतका वाढला की मी हा शब्द कागदावर आणला. आमच्याकडच्या एका गावच्या कोतवालाने रागाच्या भरात राजीनामा दिला होता आणि तो त्याला मागे घ्यायचा होता. मी मसुद्यात लिहिले: ‘सदर राजीनामा अर्जदाराने नवजात अवस्थेत दिलेला असल्याने तो विचारात घेण्यात येऊ नये.’ आवक टेबलावर कोणीतरी त्यातला तेवढाच शब्द वाचला असावा. अर्ज उशिराच्या जन्मनोंदणीच्या गठ्ठ्यात गेला आणि तीन आठवड्यांनी शेरा घेऊन परत आला: ‘जन्मस्थळ व आईचे पूर्ण नाव नमूद नाही.’

कोतवाल तो कागद घेऊन माझ्यापुढे बसला. “बावन साल झाले मले,” तो म्हणाला, “अन आता इचारून राह्यले का मी जन्मलो कुठं. माय तं गेली. आता सांगन कोन?”

शेडमधले सगळे हसले. शेजारच्या टेबलावरचा अर्जनवीस पुढे कित्येक दिवस माझ्याकडे गिऱ्हाईक वळवताना म्हणे, “तिकडं जा, तिकडं डिलिव्हरीची सोय हाय.” मी तो शब्द मसुद्यातून काढून टाकला. नियम मात्र ठेवला.

ती बाई आली तेव्हा दहावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. सकाळचे साडेदहा. दिग्रसच्या वाटेवरील एका तांड्यातून ती पहिल्या बसने आली होती. वय पस्तिशीच्या आसपास; सोबत मुलगी. एका पिशवीत कागद होते आणि दुसरीत कपडे. कपड्यांच्या पिशवीवरून मी काय ते ताडले.

“भाऊ, मले कार्डातून नाव काढाचं हाय. माहं अन पोरीचं. येगळं कार्ड पायजे.”

मी तिला बसवले आणि माझ्या पद्धतीप्रमाणे हकिकत विचारली. टेबलावर मी नेहमी शुद्ध मराठीत बोलतो. कागदाची भाषा तोंडात असली की हात चुकत नाही. तिने तिच्या बोलीत सांगितले ते असे. नवरा वारून सहा वर्षे झाली. ती, मुलगी, नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे जेठ, त्याची बायको, मुले आणि अंगावरून वारे गेलेली सासू असे सगळे एकाच शिधापत्रिकेवर होते. कार्ड जेठाच्या पेटीत कुलपात असे. मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि तिला अकरावीसाठी यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात जायचे होते. तिथे कार्डाची प्रत आणि पालकाची सही लागत होती. जेठ पेटी उघडेना. मुलगी यवतमाळला गेली तर म्हातारीचे कोण करणार, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न अगदीच खोटा नव्हता.

“घरून केव्हा निघालात?” मी विचारले.

“आज. फाटेच.”

“भांडण झाले?”

“भांडन तं रोजच हाय. आज बोलनं झालं.”

“काय बोलणे झाले?”

“मी म्हटलं, पोरगी जाईन. जेठ म्हने, मंग तू बी जाय. मी म्हटलं, बरं.” तिने कपड्यांच्या पिशवीवर हात ठेवला. “झालं मंग. निघाली मी.”

तिच्या बोलण्यात रडणे नव्हते. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता आणि ती माझ्या डोळ्यांत सरळ पाहत होती. नवजात अवस्थेचे इतके शुद्ध उदाहरण मी तोवर पाहिले नव्हते. मी पेनाचे टोपण लावले.

“बाई, हा कागद आज होणार नाही. घर सोडलेल्या दिवशी असा अर्ज करू नये. पंधरा दिवस जाऊ द्या. तेव्हाही हाच विचार असला तर या. मी स्वतः लिहून देईन.”

“पंधरा दिवस? वसतिगृहात आठ दिवसात कागद द्या लागते.”

“तारखा वाढतात.”

“अन नाही वाढली तं?”

मी म्हटले की इतक्या वर्षांत तारीख न वाढलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. मुलगी टेबलाजवळ सरकली. ती म्हणाली, “काका, तुमी फक्त लिवून द्या. राग आमी घरी नेऊन ठिवतो.”

“रागाचा प्रश्न नाही, बेटा. हे शास्त्र आहे.”

“कोन्तं?”

“रसायनशास्त्र.”

मुलीने आईकडे पाहिले. आईने मान हलवली. तिला त्यात काही चमत्कारिक वाटलेले दिसले नाही. कचेरीच्या आवारात तिने याहून चमत्कारिक कारणे ऐकली असतील. तिने कागदांची पिशवी बांधली आणि उभी राहून म्हणाली, “भाऊ, आज आली तं आली. पंधरा दिवसानं मी येनार नाही. मले माहीत हाय मी कशी हावो.”

हे वाक्य मी ऐकले. त्याचा जो अर्थ मी लावला, तो मला आज स्वच्छ आठवतो. जी व्यक्ती आपला निर्णय पंधरा दिवस टिकणार नाही असे स्वतःच्या तोंडाने कबूल करते, तिचा निर्णय कच्चा आहे, आणि माझा नियम पक्का आहे. असे मनाशी म्हणून मी पुढच्या माणसाला बोलावले.

पंधरा दिवस झाले, वीस झाले. ती आली नाही. मला समाधान वाटले.

नोव्हेंबरात सर आले. हात पहिल्यापेक्षा अधिक थरथरत होता. फॉर्म भरता भरता मी त्यांना त्या शेतकऱ्याची गोष्ट आणि हे प्रकरण सांगितले. त्यांच्याच टोपणांवरून मी केलेला नियम त्यांना कळावा आणि त्यांनी शाबासकी द्यावी, असा माझा हेतू होता, हे मी मान्य करतो.

“आणि प्रकरण आपोआप मिटले,” मी शेवटी म्हणालो.

“मिटले म्हणजे?”

“ती परत आलीच नाही.”

सरांनी फॉर्म बाजूला सारला. मग म्हणाले, “आणि मुलगी कुठे आहे?”

मला ते ठाऊक नव्हते. विचारायला हवे होते, असे तोवर वाटलेही नव्हते.

“तुम्ही परमँगनेटचा प्रयोग पाहिला होता?” सरांनी विचारले.

मी आठवू लागलो. तो प्रयोग दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी जस्त आणि आम्ल घेऊन आम्ही वायू बरणीत भरला, जळती काडी नेली, फट् असा आवाज झाला आणि मागच्या बाकावरची मुले खाली वाकली. दुसऱ्या दिवशी मी गैरहजर होतो. घरी कापूस वेचणी सुरू होती.

“वाटलेच मला,” सर म्हणाले. “म्हणजे तुम्ही फक्त आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशीचे ऐका आता. जांभळे पाणी घ्यायचे. बरणीत भरून ठेवलेला हायड्रोजन नळीने त्यात सोडायचा. दिवसभर सोडा, रंग जात नाही. मग तेच जस्त आणि तेच आम्ल थेट त्या पाण्यात टाकायचे. डोळ्यांदेखत रंग उडतो. वायू तोच. फरक एवढाच की पहिला साठवून आणलेला आणि दुसरा तिथेच, त्याच क्षणी तयार झालेला. जे काम व्हायचे ते तेव्हाच होते. मागाहून होत नाही.” ते थांबले. “तुम्ही त्या बाईला बरणीत भरून ठेवले.”

पण त्या शेतकऱ्याचे घर वाचले ना, असे काहीतरी मी पुटपुटलो असेन.

“वाचले असेल. त्याला भावाने पुढे ढकलले होते. हिला कोणी ढकलले होते?” सरांनी पेन मागितले. “आणि आणखी एक सांगतो, म्हणजे तुमचा हा शब्दच सुटेल. नवी पुस्तके म्हणतात, नवजात हायड्रोजन असे काही वेगळे नसतेच. आम्ही उगाच त्याला श्रेय देत होतो. ते काम जस्ताचे. शेजारी असलेले जस्त स्वतःजवळचे देते आणि विरघळत जाते. ते नसेल तर नुसत्या नवजाताने काही होत नाही.”

त्यांनी सही केली. ती नेहमीपेक्षा वाकडी आली, म्हणून मी दुसरा फॉर्म काढू का असे विचारले. ते म्हणाले, “असू द्या. मी जिवंत आहे एवढेच सिद्ध करायचे आहे.”

त्या रविवारी मी विभक्त शिधापत्रिकेचा अर्ज लिहिला आणि दिग्रसच्या बसने त्या तांड्यावर गेलो. इतक्या वर्षांत मी अर्ज घेऊन अर्जदाराच्या दारी कधी गेलेलो नव्हतो. घर सापडायला वेळ लागला नाही. ती अंगणात कापसातली पाने निवडत बसली होती. तिने मला ओळखले, बाजेवर घोंगडी टाकली, पाणी दिले. जेठ बाजाराला गेला होता. आतल्या खोलीत म्हातारी पडलेली दिसत होती आणि मुलगी तिला कूस बदलून देत होती. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि काम चालू ठेवले.

“कसे चालले आहे?” मी विचारले.

“चांगलं हाय,” ती म्हणाली, आणि तिला तसे खरोखर वाटत होते. “तुमी म्हटलं होतं पंधरा दिवस. दहाव्या दिवशीच सारं थंडं झालं. मी बहिनीकडं गेलती. तांड्याचे नाईक आले तिथं समजवाले. जेठ बी आला. माफी मांगतली त्यानं. म्हातारीनं निरोप धाडला का मी येईलोक पानी नाही पेनार. मंग आली मी.”

“वसतिगृहाची तारीख?”

“ते आठव्या दिवशीच सरली. वाढवली नाही.” हे तिने कापसातले एक पान काढता काढता सांगितले. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

मी पिशवीतून अर्ज काढला. तिने तो हातात घेतला नाही.

“आता कायले, भाऊ?”

“पुढच्या वर्षासाठी. मुलीचे वर्ष गेले आहे, शिक्षण गेलेले नाही.”

“त्या दिवशी कागद असता तं मी डोये मिटून सही केली असती. आता डोये उघडे हायत. भेव वाटते. कार्ड येगळं केलं तं चूल येगळी. चूल येगळी तं मानसं येगळे. त्या दिवशी हे काही दिसतच नव्हतं मले.”

यावर माझ्याजवळ तयार मसुदा नव्हता. मी जे बोललो ते माझ्या तोंडून घरच्या बोलीत बाहेर पडले. टेबलावरची भाषा कुठे गेली कोण जाणे. मी म्हणालो, “मी येतो तुह्या संगं. फाटकाच्या आत. खिडकीपाशी उभा राह्यतो.”

याचे महत्त्व बाहेरच्या वाचकास कळणार नाही. आमच्या शेडमध्ये अर्ज लिहून हातात दिला की अर्जनविसाचे काम संपते. फाटकाच्या आत गिऱ्हाईकासोबत जायचे नाही. आत गेलेला अर्जनवीस म्हणजे दलाल, असा आमच्यात समज आहे, आणि मी तो सर्वांहून कडक पाळत आलो होतो.

तिला हसू आले. “तुमी? अन तुमचं रसायन?”

मी अर्ज बाजेवर ठेवून आलो.

तिसऱ्या आठवड्यात ती मुलीला घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली. हातात कार्ड होते. मी विचारण्याआधीच मुलगी सांगू लागली. तिने तो अर्ज आजीला वाचून दाखवला होता. एकदा नाही, रोज. आजीला दुसरे काही ऐकायला नव्हते. ‘नाव कमी करण्याबाबत’ हे शब्द आजीला फार आवडले. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने अर्ध्या तोंडाने विचारले की नाव कमी केले की माणूस कुठे जाते. मुलगी म्हणाली, यवतमाळले. तेव्हा आजीने आपल्या लेकाला बोलावले आणि पेटी उघडायला लावली.

“म्हने, माहं बी नाव काढून टाका,” आई म्हणाली. “म्हटलं, तू कुठं जाशील वो माय? तं म्हने, मी इथंच राह्यतो, पन कमी होऊन राह्यतो.”

आम्ही तिघे हसलो. मग मी पेन खिशाला लावले आणि फाटकातून आत गेलो. शेजारच्या टेबलावरचा मोठ्याने म्हणाला, “झाले वकील?” मी वळून पाहिले नाही. त्या कामासाठी मी एकूण सात वेळा आत गेलो. दोनदा खिडकी बंद होती, एकदा तलाठ्याचा दाखला कमी पडला, एकदा मुलीच्या नावातले वेलांटीचे अक्षर जुळेना. माझी गिऱ्हाइके त्या वेळात दुसऱ्या टेबलांवर गेली. त्यातली काही अजून परत आलेली नाहीत.

पौषात त्यांची नावे जुन्या कार्डातून कमी झाली. तसा दाखला मिळाला आणि नवे कार्ड पुढच्या महिन्यात येईल असे सांगण्यात आले. तो दाखला हातात घेऊन तिने मला विचारले, “मंग आजपासून मी कोनाच्या कार्डात हावो?”

“कोणाच्याच नाही. नवे येईपर्यंत.”

तिने दाखल्याची घडी घातली. “अन कोनी इचारलं तं?”

“हा दाखला दाखवायचा.”

माझ्या मुलीच्या मानसशास्त्राच्या पुस्तकातले ते पान उलटून मी त्या संध्याकाळी पुढे वाचले. जुने सुटल्यानंतरची ती अवस्था फार दिवस टिकत नाही, आणि माणसाने आयुष्यात जे काही नवे उभे केलेले असते ते बहुधा त्याच थोड्या दिवसांत सुरू झालेले असते, असे त्यात होते. पान उलटायला मला दोन वर्षे लागली होती. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही माझं पुस्तक कधीपासून वाचायला लागलात?”

पुढे कार्ड आले. त्या घराच्या मागच्या छपरीत तिची वेगळी चूल मांडली गेली. म्हातारीला ती दोन्ही चुलींवरचे खाऊ घालते आणि जेठाशी आता जेवढ्यास तेवढे बोलते. जून महिन्यात दोघी पुन्हा माझ्याकडे आल्या. वसतिगृहाचा फॉर्म मुलीने स्वतः भरला होता. पालकाच्या जागी आईची सही होती, कार्डाची प्रत जोडलेली होती. एक कागद तेवढा राहिला होता. दहावी आणि अकरावी यांच्यामध्ये एक वर्ष रिकामे गेले असेल, तर ते का गेले याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याला आमच्याकडे खंडाचे प्रतिज्ञापत्र म्हणतात. मी अशी शेकडो लिहिली आहेत. त्यातले कारण ठरलेले असते, तपासणारेही ते वाचत नाहीत: ‘घरगुती अडचणीमुळे’.

मी कागद घेतला. मुलीचे नाव, वय, राहणार, सगळे लिहून झाले. ‘सदर कालावधीत मी शिक्षण घेऊ शकले नाही, याचे कारण’ येथपर्यंत आलो आणि पेन थांबले. प्रतिज्ञापत्राच्या तळाशी ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ असे असते आणि त्याखाली त्या मुलीला सही करायची होती. मी लिहिले: ‘अर्जनविसाने अर्ज वेळेत लिहून न दिल्यामुळे.’ आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने वाचले. आईला वाचून दाखवले.

“खरं हाय,” मुलगी म्हणाली. “पन तिथं इचारतीन ना, कोन्त्या अर्जनविसानं.”

“तर माझे नाव सांग. टेबलही सांग.”

आईने कागद माझ्याकडे परत सरकवला. “खोडा ते,” ती म्हणाली. “घरगुतीच लिवा.”

“घरगुती नव्हती ती अडचण.”

“काहून नव्हती? भाऊ म्हनून राह्यली ना मी तुमाले सालभर.”

मी खाडाखोड केलेला कागद कधी पुढे पाठवत नाही. नवा घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसलो. त्या दोघी समोरच्या बाकावर बसल्या. यवतमाळची बस सव्वाबाराला होती.